समोर घडणारे नाटक

तुमच्यापैकी पुष्कळांनी मुशायरा ऐकला असेल. शायर पहिला मिसरा म्हणतो. श्रोते तो उचलून धरतात. दुसरा मिसरा येताच ‘मुकर्रर, मुकर्रर’ असा आवाज उठतो. शायर तोच शेर पुन्हा म्हणतो. या वेळी जरा थांबून, जरा रंगवून. आता त्याच मुशायऱ्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐका. शब्द तेच, आवाजही तोच. पण तुम्ही कितीही दाद दिली तरी शायर थांबणार नाही. मग हे दोन अनुभव एकच म्हणायचे की वेगळे?

नाट्यकलेच्या अभ्यासकांत या प्रश्नावर बराच वाद झाला आहे. पेगी फेलन या अमेरिकन विदुषींनी १९९३ साली ‘अनमार्क्ड’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते नाटकाचा प्रयोग फक्त वर्तमानकाळात जगतो. तो संपला की नाहीसा होतो. त्याचे चित्रण केले, तर तयार होते ती दुसरीच वस्तू. प्रयोगाचा साठा करता येत नाही आणि हेच त्याचे बळ आहे, असे त्या मानतात.

जर्मन विदुषी एरिका फिशर-लिश्टे यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात प्रेक्षकांकडे लक्ष वेधले. नट बोलतो तेव्हा प्रेक्षक हसतात, स्तब्ध होतात, कधी चुळबुळही करतात. त्याचा नटावर परिणाम होतो. नटाचा अभिनय बदलला की प्रेक्षकही बदलतात. हे चक्र प्रयोगभर फिरत राहते. म्हणजे प्रयोग दोघे मिळून घडवतात. मराठी संगीत नाटकांतला ‘वन्स मोअर’ आठवा. आपले ‘मुकर्रर’ त्याचेच भावंड!

फिलिप ऑस्लँडर यांना मात्र फेलनबाईंचे म्हणणे पटले नाही. १९९९ च्या ‘लाइव्हनेस’ या पुस्तकात त्यांनी एक मजेदार गोष्ट दाखवली. ध्वनिमुद्रण नव्हते तेव्हा सगळेच गाणे समोर बसून ऐकावे लागे. त्यामुळे ‘लाइव्ह’ या शब्दाची गरजच नव्हती. या अर्थाचा त्यांना कोशात सापडलेला सर्वांत जुना दाखला १९३४ चा आहे आणि तो बीबीसी रेडिओच्या संदर्भातला आहे. ग्रामोफोनची तबकडी डोळ्यांना दिसते. पण रेडिओवरचे गाणे आत्ता चालू आहे की मुद्रित, हे ऐकणाऱ्याला कसे कळणार? म्हणून वेगळा शब्द लागला. हा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. पण शायर घरातल्या श्रोत्यासाठी का थांबत नाही, याचे उत्तर मला त्यात सापडत नाही.

जून २००९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने ‘फेद्र’ या नाटकाचा चालू प्रयोग चित्रपटगृहांच्या पडद्यावर दाखवला. पुढे अशी अनेक नाटके दाखवली गेली. आपल्या टाळ्या नटांना ऐकू जाणार नाहीत, हे ठाऊक असूनही काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांनी शेवटी टाळ्या वाजवल्या.