तालमीचा खुराक कोण भरतो?

कोल्हापुरात तालीम चालवण्याला कुणी धंदा म्हणत नाही. वस्तादासमोर तो शब्द काढायचीही सोय नाही. पण हौद्यातली तांबडी माती बदलावी लागते. तिला तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर लागतो. पावसाळ्यात छप्पर गळतं, विजेचं बिल दर महिन्याला येतं. हा खर्च आजवर कुणी ना कुणी उचलत आला.

आधी तो दरबारानं उचलला. शाहू महाराज 1894 साली गादीवर आले आणि त्यांनी लांबलांबचे मल्ल कोल्हापुरात आणून त्यांच्या खुराकाची सोय केली. 1902 च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. त्याच धर्तीवर खासबागेचं मैदान 1912 मध्ये उभं राहिलं. मधोमध हौदा, भोवती चढत जाणारी बैठक. हजारोंच्या गर्दीत शेवटच्या माणसालाही डाव दिसतो.

1949 मध्ये संस्थान विलीन झालं आणि राजाश्रय संपला. पुढं काय झालं ते खाशाबा जाधवांच्या गोष्टीत दिसतं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना कोल्हापूरच्या महाराजांनी पाठवलं होतं. 1952 च्या हेलसिंकीसाठी मात्र गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले, आणि मग ते कर्ज फेडण्यासाठी कुस्त्यांची मैदानं भरवून पैसे जमवले. पदकविजेत्याला आपल्या प्रवासाचं कर्ज पुन्हा लांग चढवून फेडावं लागलं, ही गोष्ट आजही मनाला लागते.

आज तालमीत राहणाऱ्या पोराचा खर्च बहुतेक घरूनच येतो. दूध, तूप, बदाम, फळं, मटण. थंडाईचे बदाम घोटताना त्या वाटीत बापाच्या उसाचं बिल असतं. परतफेडीची आशा जत्रांच्या हंगामावर. पाडव्यापासून गावोगावी मैदानं भरतात, यात्रा कमिटी जोडी ठरवते, इनाम बांधते, हलगी कडाडते. शेवटच्या कुस्तीचं इनाम सगळ्यांत मोठं. जिंकणाऱ्याचं वर्ष त्यावर निघतं. 2020 मध्ये कोरोनानं जत्राच बंद पाडल्या, तेव्हा पैलवान वळकटी बांधून गावाकडं गेले.

इनाम मिळतं ते पैलवानाला. तालमीच्या पेटीत त्यातलं काय पडेल, हे त्याच्या मनाच्या मोठेपणावर. म्हणजे जो शिकवतो त्याच्या कमाईचा काही नेमच नाही.

जपानी ज्युदोचा संसार वेगळा मांडला गेला. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एइशोजी देवळात अवघ्या 12 चटयांवर कोदोकान सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ‘दान’ या श्रेणी दिल्या. शिकणाऱ्याला दर टप्प्यावर पुढची पायरी दिसू लागली. कराटेनंही तीच पद्धत घेतली. पुण्या-मुंबईतल्या कराटे क्लासचं गणित तिच्यावरच उभं आहे: महिन्याची फी, गणवेश, पट्ट्याची परीक्षा, उन्हाळी शिबिर. पोरगं एकही स्पर्धा जिंकलं नाही तरी सरांचा महिना निघतो. परीक्षा सैल झाली की पट्टा विकत मिळतो, हा त्यातला खरा धोका. तालमीत पट्टा नसतो. पाठीला माती लागली की लागली, तिथं पैसे भरून पुढं जाता येत नाही. हा खरेपणा जपलाच पाहिजे.

पण वस्तादानं पगाराशिवाय पहाटे चारला उठावं, हा त्या खरेपणाचा भाग मानू नये. तालमींनी उघडपणे फी घ्यावी, पावती द्यावी, वस्तादाचा पगार आधी बाजूला काढावा. संध्याकाळी शहरातल्या मुलामुलींची वेगळी तुकडी घ्यावी. शिकवणीला, क्रिकेटच्या कोचिंगला पैसे मोजणारे आईबाप इथंही मोजतील. गरिबाच्या पोराची फी त्यातूनच माफ होऊ शकेल.

हे लवकर व्हायला हवं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालीम मंडळांची नावं आज कोल्हापूरकर प्रामुख्यानं घेतो ती फुटबॉलच्या संघांसाठी. नाव टिकलं, पण पेठापेठांतले हौदे ओस पडत गेले.

कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन घेऊन गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत डोकावा. पहाटे गेलात तर जोर-बैठकांचा आवाज रस्त्यावरच कानी येईल. चपला बाहेर काढा, मातीला हात लावून कपाळी लावा, आणि निघताना वर्गणीची एक पावती फाडायला सांगा.