आधी लेन्सची चौकशी, मग सीडी ट्रान्सपोर्टची खरेदी

सीडी प्लेयरच्या एका पेटीत खरे तर दोन यंत्रे नांदत असतात. एक यंत्र तबकडी फिरवते, लेझरने तिच्यावरच्या खुणा वाचते आणि त्यातून आकड्यांचा प्रवाह बाहेर काढते. दुसरे त्या आकड्यांपासून अँप्लिफायरला समजेल असा संकेत घडवते. त्याला डॅक म्हणतात. पहिले यंत्र स्वतंत्र पेटीत मिळते तेव्हा ते सीडी ट्रान्सपोर्ट ठरते. आज अनेक अँप्लिफायरमध्ये डॅक आतच बसवलेला असतो, त्यामुळे ज्यांच्या कपाटात सीडींचा संग्रह आहे त्यांना नवा पूर्ण प्लेयर घेण्यापेक्षा ट्रान्सपोर्ट घेणे सोयीचे पडते. मराठी घरांतले असे संग्रह बहुतेक १९९० नंतरच्या दोन दशकांत जमलेले आहेत. त्यांत शास्त्रीय गायनाच्या मैफली, नाट्यसंगीत, भावगीते असतात, आणि छोट्या प्रकाशकांनी काढलेली काही ध्वनिमुद्रणे तर इंटरनेटवर शोधूनही सापडत नाहीत. मुंबईच्या काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. हरवलेली सीडी पुन्हा विकत आणण्याची सोय तेव्हापासून फार आटली आहे. म्हणून घरातल्या तबकड्या वाचणारे यंत्र पंधरा-वीस वर्षे टिकावे ही अपेक्षा रास्त आहे. पण टिकाऊपणाविषयी विचारले की दुकानात पेटीचे वजन, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची जाडी आणि किंमत एवढेच ऐकायला मिळते. माझ्या मते या तिन्हींचा टिकण्याशी संबंध फारच थोडा आहे. ट्रान्सपोर्टचे आयुष्य ठरते ते आतल्या एका भागावर, तो भाग दहा वर्षांनी बाजारात मिळेल का यावर, आणि जवळचा मेकॅनिक तो बसवू शकेल का यावर.

हा भाग म्हणजे पिकअप, दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ‘लेन्स’. त्याचे काम किती नाजूक आहे हे कळले की बाकीचा मुद्दा आपोआप उलगडतो. सीडी १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावरची खुणांची रेघ आतून बाहेर नागमोडी न जाता एकाच सर्पिलात फिरते. पूर्ण भरलेल्या तबकडीवर तिचे सुमारे वीस हजार वेढे होतात, दोन वेढ्यांतले अंतर १.६ मायक्रॉन असते आणि सलग उलगडली तर ती रेघ पाच किलोमीटरांहून लांब भरेल. ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर ही रेघ वाचतो. तबकडी फिरताना अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वरखाली हलू शकते, पण लेझरचा बिंदू खुणांवर नीट पडायला लेन्सचे अंतर दोनेक मायक्रॉनच्या आत सांभाळावे लागते. म्हणून ती लेन्स तारेच्या बारीक वेटोळ्यांवर तरंगत ठेवलेली असते आणि सर्व्हो नावाची यंत्रणा तिला क्षणाक्षणाला वर-खाली, डावी-उजवीकडे हलवत राहते. शिवाय खुणा वाचण्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास कायम राहावा म्हणून तबकडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत २०० वर येते. इतके सूक्ष्म काम करणारा हलता भाग कधीतरी झिजणारच. गाडीच्या टायरसारखे त्याच्याकडे पाहावे: तो बदलावा लागेल हे गृहीत धरूनच गाडी घ्यायची असते.

नेमके काय झिजते हे वेगवेगळे पाहायला हवे, कारण ‘लेझर गेला’ हे निदान फार सहज केले जाते. लेझर डायोड चालू असताना हळूहळू थकतो आणि तेवढाच प्रकाश देण्यासाठी जास्त विद्युतप्रवाह मागू लागतो. सोनीच्या अनेक जुन्या पिकअपवर मूळ प्रवाहाचा आकडा चिकटवलेला असे. प्रत्यक्ष मोजमाप त्याच्याशी ताडून पाहिले की डायोड खरोखर थकला आहे का ते कळते. पण त्याआधी बिघडणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. लेन्सवर धूळ बसते किंवा स्वयंपाकाच्या वाफेचा चिकट थर जमतो. पिकअप ज्या दांडीवर सरकतो तिच्यावरचे ग्रीस वाळते, मग शेवटची गाणी अडखळू लागतात. तबकडी फिरवणारी छोटी मोटर ब्रशची असेल तर तिचे आतले संपर्क झिजतात, आणि सुरुवातीला, जिथे सर्वांत जास्त वेग लागतो, तिथेच सीडी ओळखली जात नाही. ट्रे आतबाहेर करणारा रबरी बेल्ट सैल पडतो. यांतल्या कितीतरी तक्रारी आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचा बोळा, नवे ग्रीस आणि एखादा बेल्ट एवढ्यावर मिटतात. जो दुरुस्तीवाला पिकअपवरचा छोटा स्क्रू फिरवून लेझरची ताकद वाढवून देतो, त्याच्यापासून मात्र जपावे. यंत्र त्या दिवशी चालू होते, पण मळलेल्या लेन्सचा दोष डायोडवर ढकलला जातो आणि उरलेले आयुष्य झपाट्याने खर्च होते.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: जुनी यंत्रे बघा, ती आजही चालतात, मग जुनेच का घेऊ नये? आक्षेपात तथ्य आहे. सोनीचा पहिला प्लेयर, सीडीपी-१०१, जपानमध्ये ऑक्टोबर १९८२ मध्ये आला आणि पाठोपाठ फिलिप्सचा सीडी१०० आला. त्या काळात फिलिप्सने पिकअपसाठी झुलता हात वापरला होता. मध्ये कीलक, एका टोकाला काचेची लेन्स, दुसरीकडे तोल राखणारे वजन, आणि हा हात कंसात फिरून सगळी तबकडी वाचायचा. सरकदांडी नाही, दातेरी चाके नाहीत, मोटर बिनब्रशची. त्यामुळे त्यात झिजण्यासारखे मुळातच कमी होते, आणि सीडीएम-१ सारखा हा भाग बसवलेले मरांट्झ आणि फिलिप्सचे प्लेयर चाळीस वर्षांनीही वाजताना आढळतात. यांत्रिकदृष्ट्या इतकी निखळ रचना नंतर क्वचितच झाली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. १९९० च्या दशकात फिलिप्सनेही तो मार्ग सोडला आणि सीडीएम-१२ पासून सरळ रेषेत सरकणारे, बरेचसे प्लास्टिकचे, स्वस्त पिकअप आणले. तरीही आज नव्याने यंत्र घेणाऱ्याने झुलत्या हाताच्या मोहात पडू नये असे मला वाटते. तो भाग नवा कुणी बनवत नाही, तेव्हा बदली पिकअप म्हणजे दुसऱ्या एखाद्या तितक्याच वयाच्या प्लेयरमधून काढलेला. शिवाय त्या काळच्या बोर्डांच्या दोन बाजू जोडणारे रिवेटसारखे जोड सैल पडतात, कपॅसिटर सुकतात, आणि हे सारे ओळखणारे हात कमी होत चालले आहेत. ज्याला सोल्डरिंगची आवड आहे त्याने अशी यंत्रे जरूर सांभाळावीत. ज्याला फक्त ऐकायचे आहे त्याच्यासाठी ती जोखीम आहे. महागड्या यंत्रांचीही गत वेगळी झाली नाही. फिलिप्सचा सीडी-प्रो२ हा धातूच्या सांगाड्याचा भाग कितीतरी उंची ट्रान्सपोर्टमध्ये बसवला जात असे. त्याचे उत्पादन थांबले तेव्हा लाखोंच्या पेट्यांचे भवितव्य उरलेल्या साठ्यावर येऊन टेकले.

उलट सोनीचा केएसएस-२१३ पाहा. टेपरेकॉर्डरसारख्या साध्या सीडी-रेडिओंपासून चांगल्या हाय-फाय प्लेयरपर्यंत असंख्य यंत्रांत तो बसला आणि त्याच्या नकलाही भरपूर निघाल्या. सान्योचा एसएफ-पी१०१एन आणि फिलिप्सच्या सीडीएम-१२ वरून बनणारे भाग याच वर्गातले. त्यांची बांधणी पाहून कुणी भारावून जाणार नाही, पण ते मिळतात, किंमत थोडी असते, आणि मोटर व दांडीसकट पूर्ण सांगाडा बदलता येतो. तसाच बदलावा, कारण नुसती मोटर बदलली तर तबकडीची बैठक नेमक्या उंचीवर पुन्हा बसवावी लागते आणि तिथे थोडी चूक झाली तरी सगळे बिघडते. नकलांचा दर्जा एकसारखा नसतो हे खरे. दोन घेऊन चांगला तो ठेवावा, तरीही खर्च आवाक्यातच राहतो. तिसरा मार्ग संगणकाच्या ड्राइव्हचा. पीएस ऑडिओ कंपनीच्या परफेक्टवेव्ह ट्रान्सपोर्टमध्ये डीव्हीडी-रॉम ड्राइव्ह होता आणि वाचलेली माहिती आधी मेमरीत साठवून मग पुढे पाठवली जाई. अशा ड्राइव्हला चुकलेला तुकडा पुन्हा वाचता येतो, ही मोठी जमेची बाजू. मात्र यंत्राचे सॉफ्टवेअर बहुधा ठरावीक मॉडेलच्या ड्राइव्हलाच ओळखते, म्हणून ‘बाजारातला कुठलाही बसेल’ या आश्वासनावर लगेच विश्वास ठेवू नये.

तबकडी आत घालण्याची पद्धतही टिकाऊपणात भर घालते किंवा वजाबाकी करते. ट्रेचा बेल्ट बदलणे अगदी सोपे असते. केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी या जातीचा आहे. ऑडिओलॅबच्या ६०००सीडीटीमध्ये फटीतून तबकडी ओढली जाते. त्या पद्धतीत रबरी रूळ असतात, आणि सीडी अडकली तर पेटी उघडावी लागते. वरून झाकण उघडून सीडी ठेवण्याची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिच्यात ट्रे, बेल्ट, रूळ यांतले काहीच नसते आणि लेन्स पुसायला बोटाच्या अंतरावर असते. फक्त झाकण बंद ठेवण्याची शिस्त हवी आणि वर मोकळी जागा हवी.

आता सर्वांत अवघड आक्षेप. कुणी म्हणेल, हे सगळे मेकॅनिकचे हिशेब झाले. चांगला ट्रान्सपोर्ट घेतात तो आवाजासाठी, आणि स्वस्त पिकअपचा आवाज तसाच स्वस्त असणार. इथे सीडीची मूळ रचना उत्तर देते. सोनी आणि फिलिप्स यांनी माहिती तबकडीवर ओळीने न लिहिता विखरून लिहिली आणि सोबत पडताळणीचे आकडे जोडले. त्यामुळे सलग सुमारे चार हजार बिट्स, म्हणजे रेघेवर अडीच मिलिमीटरचा तुकडा, वाचता आला नाही तरी तो हिशेबाने अचूक भरून निघतो. धडधाकट सीडी धडधाकट पिकअपने वाचली तर सेकंदाला १४,११,२०० बिट्स जसेच्या तसे बाहेर पडतात, मग यंत्र पंधरा हजारांचे असो वा पाच लाखांचे. उरतो प्रश्न वेळेच्या ठेक्याचा, ज्याला जिटर म्हणतात. कोअ‍ॅक्सियल किंवा ऑप्टिकल तारेतून आकड्यांसोबत ठेकाही जातो, आणि डॅक तो ठेका उचलतो. जुन्या, साध्या डॅकवर याचा परिणाम होऊ शकत होता, म्हणून १९९० च्या आसपास ट्रान्सपोर्टच्या आवाजावर जी चर्चा झाली ती निराधार नव्हती. आजचे बरेच डॅक आलेला ठेका स्वतःच्या घड्याळाने नव्याने बांधून घेतात. तेव्हा आवाजाची चिंता असेल त्याने पैसे चांगल्या डॅकवर, आणि त्याहून अधिक स्पीकरवर घालावेत. ट्रान्सपोर्टमध्ये फरक ऐकू येतो तो मुख्यतः ओरखडे पडलेल्या तबकडीवर: हिशेब पुरा पडला नाही की यंत्र अंदाजाने जागा भरते किंवा क्षणभर गप्प होते. हा फरक सर्व्होच्या कुशलतेचा आणि पिकअपच्या तब्येतीचा असतो, म्हणजे गाडी फिरून पुन्हा त्याच भागाशी येते.

सगळ्या सीडी संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि ट्रान्सपोर्टचा नादच सोडावा, असेही सुचवले जाते. उतरवून जरूर घ्याव्यात, विशेषतः दुर्मिळ ध्वनिमुद्रणे; मूळ माहिती जशीच्या तशी जपणाऱ्या फ्लॅक स्वरूपात एक प्रत असणे शहाणपणाचे आहे. पण हार्ड डिस्कही मरतात, आणि मूळ सीडी वाचण्याची सोय घरात असणे हाच त्या प्रतीचा शेवटचा आधार. जुना डीव्हीडी प्लेयर डिजिटल आउटपुटने जोडला तर? तात्पुरती सोय म्हणून उत्तम. त्याचा पिकअप मात्र दोन लेझरचा, ६५० नॅनोमीटरचा डीव्हीडीसाठी आणि दुसरा सीडीसाठी, आणि त्या यंत्रांचे सुटे भाग मॉडेलागणिक वेगळे असल्याने पाच वर्षांनी शोधाशोध सुरू होते.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला आणि कंपनीच्या सेवा केंद्राला एकच गोष्ट लेखी विचारावी: आतल्या पिकअपचा क्रमांक काय, आणि तो सुटा मिळतो का. उत्तर टाळले गेले तर दुसरे मॉडेल पाहावे. क्रमांक मिळाला की मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करता येते. सेकंडहँड यंत्र घेताना सर्वांत लांब, सत्तर मिनिटांच्या पुढची सीडी न्यावी आणि शेवटचे गाणे वाजवून पाहावे. घरी रेकॉर्ड केलेली सीडी-आरही लावावी, कारण तिच्यावरून परत येणारा प्रकाश थोडा कमी असतो आणि थकलेला पिकअप तिथे आधी डगमगतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा, देशावर उन्हाळ्याची धूळ, आणि सगळीकडे वर-खाली होणारे व्होल्टेज. म्हणून यंत्र रिमोटने निजवून न ठेवता भिंतीवरच्या बटणाने बंद करावे. नवीन यंत्राबरोबरच एक जादा पिकअप घेऊन ठेवावा, तो आलेल्या अँटिस्टॅटिक पिशवीतच सिलिका जेलच्या पुडीसोबत राहू द्यावा. त्यावर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक छोटा ठिपका असू शकतो. असेल तर तो बसवून, वायर जोडल्यानंतरच काढायचा असतो, हे मेकॅनिकला आधी सांगून ठेवावे.