अन्नातून उपजलेला ‘मी’

मुंबईत विड्यांचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) हे अद्वैती संत. त्यांचे गुरू इंचगेरी संप्रदायाचे सिद्धरामेश्वर महाराज. निसर्गदत्त अखेरच्या वर्षांत वारंवार सांगत, की ‘मी आहे’ ही जाणीव अन्नरसातून येते; शरीर गेले की तीही जाते. हे ऐकून अनेक जण चपापतात. मग हा जडवादच नाही का?

जडवादी चार्वाकपंथीही हेच म्हणत होते: महाभूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते, जशी आंबवणातून नशा. पण मनाला अन्नमय मानण्यासाठी चार्वाक असावे लागत नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक ऋषी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस उपाशी ठेवतो. मुलाला पाठ केलेले वेद आठवेनात. जेवल्यावर सारे परत आले! स्मरण पोटावर चालते, हे वेदान्ताला कधीच अमान्य नव्हते.

फरक पुढे पडतो. चार्वाकाचा हिशोब भूतांपाशी संपतो. निसर्गदत्तांच्या मते शरीर, अन्न, सगळे जगच त्या जाणिवेत दिसते. आणि जाणीव येते-जाते हे ज्याला कळते, ते परब्रह्म अन्नाचे बनलेले नाही. अर्थात, या शेवटच्या पायरीला प्रयोगशाळेत पुरावा मिळणार नाही, ती अनुभवाच्या दाव्यावर उभी आहे. थोडक्यात, मनापुरते निसर्गदत्त जडवाद्यांच्या बाजूचे. सत्यापुरते मात्र पक्के अद्वैती.