‘पॉश’ आणि पी अँड ओचं तिकीट

‘पॉश एरिया’ म्हटलं की पुण्यामुंबईत कुणाला फोड करून सांगावी लागत नाही. या शब्दाची जन्मकथाही अनेकांनी ऐकलेली असते, आणि आपल्याला ती आवडते कारण तिच्यात मुंबई आहे. इंग्रज साहेब पी अँड ओ कंपनीच्या बोटीने हिंदुस्थानात यायचे. येताना बोटीची डावी बाजू, म्हणजे पोर्ट, उत्तरेला असल्याने सावलीत राहायची. परतताना उजवी, म्हणजे स्टारबोर्ड. बडी मंडळी जादा पैसे मोजून दोन्ही वेळा सावलीची केबिन घ्यायची आणि त्यांच्या तिकिटावर शिक्का बसायचा ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’चा. चार आद्याक्षरं जोडली की झालं पॉश!

यातला भूगोल चोख आहे. विजेचे पंखे येण्याआधी तांबड्या समुद्रात उन्हाच्या बाजूची केबिन म्हणजे भट्टीच. घोटाळा आहे तो शिक्क्यात. तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, कंपनीच्या दप्तरातही त्याचा पुरावा नाही. ही व्युत्पत्ती छापील स्वरूपात दिसते ती १९३५च्या सुमारास. तोवर शब्द चांगलाच रुळला होता. १८९०च्या आसपासच्या बोलीकोशात ‘पॉश’ म्हणजे छानछोकीत राहणारा माणूस. ग्रोस्मिथ बंधूंच्या ‘डायरी ऑफ अ नोबडी’ या १८९२च्या विनोदी पुस्तकात मरे पॉश नावाचा एक पैसेवाला भपकेबाज गृहस्थ आहे; नाव काही उगीच दिलेलं नसणार. शिवाय आद्याक्षरं जुळवून शब्द पाडायची सवय मुख्यतः विसाव्या शतकातली, ‘रडार’च्या जमान्यातली. त्याआधीच्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली, तर आधी शंकाच घ्यावी.

मग शब्द आला कुठून? लंडनच्या चोराचिलटांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धी पेनी, चिल्लर पैसे. तो बहुधा रोमानी भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ ‘अर्धा’. रोमानी बोलणाऱ्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले आणि त्यांची भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली. म्हणजे भारताशी नातं असलंच, तर ते साहेबाच्या केबिनमधून नव्हे, भटक्यांच्या तांड्यातून. मला तरी हे अधिक मजेदार वाटतं. अर्थात, चिल्लर पैशांवरून छानछोकीपर्यंतचा दुवा पक्का सिद्ध झालेला नाही, म्हणून जबाबदार कोश ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असंच लिहितात.

आद्याक्षरांचा खराखुरा ‘पॉश’ मात्र आज आपल्या ऑफिसांत आहे. ‘पॉश कमिटी’तला पॉश म्हणजे ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरासमेंट’. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा तो कायदा, आणि जिथे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे त्यानुसार अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे, मग ऑफिस पॉश असो वा नसो.