सुईआधीची भेट

झरी जामणीच्या भागात कुत्रा बहुधा कपाशीच्या वावरात जागलीला असतो. रानडुकराची चाहूल आधी त्याला लागते, मग माणसाला. दवाखान्याशी मात्र त्याची गाठ पडते ती काही बिघडल्यावरच. चौघे मिळून त्याला दाबतात, तोंडाला दोरी बांधतात आणि नेतात. पुढच्या वर्षी तो फाटकापाशीच अडतो. मालकही म्हणतो, "जाऊ दे, कोण चावून घेईल!" आणि रेबीजची लस राहून जाते. हा रोग लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कुणालाच सोडत नाही, माणसालाही नाही.

कवीने कुत्र्याच्या सुईवर का बोलावे? कविसंमेलनाहून रात्री उशिरा पायी परतणाऱ्याला तरी असे विचारू नये.

स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांचे कुत्र्यांच्या वर्तनावरचे पुस्तक १९६५ साली आले. पिलू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत जगाशी सहज ओळख करून घेते, हे त्यातून पुढे आले. त्यानंतर नवी गोष्ट दिसली की आधी भीती. रेबीजची पहिली सुई बहुधा तिसऱ्या महिन्यात. म्हणजे दार मिटत आल्यावर आपण त्याला दवाखाना दाखवतो, आणि तोही सुईच्या टोकाने!

म्हणून त्याआधी एकदा काहीच काम नसताना जावे. बैल-शेळ्यांची गर्दी ओसरल्यावर, डॉक्टरांना विचारून. पिलू मांडीवरच ठेवावे. लस न झालेल्याला तिथल्या जमिनीवरून पार्व्होसारखा रोग लागू शकतो. फिनाईलचा वास, वजनकाटा, गुरांचा खोडा, सगळे त्याने बघावे, हुंगावे. मधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा. एरवी खादाड असलेल्या पिलाने घास नाकारला, तर ते घाबरले आहे असे समजून दारापर्यंत मागे यावे.

घरीही रोज दोन मिनिटे कान, दात, पंजे हाताळावेत. मानेवरची कातडी हलकेच चिमटीत धरावी. सुई बहुधा तिथेच देतात. आधी स्पर्श, लगेच घास, हा क्रम मोडू नये. लाडाने पिलू भित्रे होते म्हणतात, ते खरे नाही. घाबरलेल्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. ओरडल्याने, आवळून धरल्याने वाढते.

पुढची सुई कधी, ते डॉक्टर सांगतील. बहुधा महिनाभराने, मग दरवर्षी. मधल्या दिवसांतही एकदा, सुई नसताना, त्याला त्याच बाकावर नेऊन बसवावे.