लेकरू तोंडाकडे पाहते

लेकरू पडलं की लगेच रडत नाही. आधी मायच्या तोंडाकडे पाहते. माय घाबरली, की मग भोकाड पसरते.

अमेरिकेत याचीच परीक्षा घेतली बरं का, १९८५ साली ती छापून आली. वर काच, खाली फूटभर खोल खड्डा दिसतो. त्यावर वर्षाची लेकरं सोडली. पलीकडे त्यांच्या आया. आईनं भ्यालेलं तोंड केलं, तेव्हा १७ पैकी एकही लेकरू पार गेलं नाही. हसरं तोंड केलं, तेव्हा १९ पैकी १४ गेली. काच तीच, खड्डा तोच!

आता आपल्या वऱ्हाडात या. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी पाऊस दडी मारते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, ते तर तुम्ही भोगलंच. बाप ओट्यावर गप बसते, ताट सरकवून देते. पोट्टं विचारते, "माय, काहून रडून रायली?" माय म्हणते, "काई नाई रे, धूर गेला डोयात." अन् घरात तर गॅस आहे, महाराज!

लेकराला ते समजते. पण दुःखाचं कारण कोणी सांगितलं नाही, तर ते आपल्याच मनानं लावते: म्या फीचे पैसे मागितले, म्हणून बाबा असे झाले. हे ओझं पिकाच्या नुकसानीहून जड.

आपल्या गाडगेबाबांचं घर पाहा. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, १८७६ चा जन्म. वडील झिंगराजी दारूनं गेले, तेव्हा डेबूजी आठ वर्षांचा. चरित्रकार सांगतात, मरताना त्या बापानं चूक झाकली नाही. पोराला दारूपासून दूर ठेव, असं सखुबाईला सांगून गेले. माय लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला माहेरी आली. पुढे डेबूजीच्या मुलीचं बारसं झालं. जातीत रीत दारू-मटणाची. त्यानं गोडाची पंगत घातली. लोक रागावले, हा हलला नाही. बापाचा पश्चात्ताप घरात उघड बोलला गेला होता ना!

कोणी म्हणेल, १९२३ मध्ये खारेपाटणला मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली तरी बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. मग आम्हीही आसवं गिळावी? नाही हो. ते विरक्त होते. तुमच्या घरी समोर लेकरू बसलेलं आहे.

सावकाराचा आकडा त्याच्या डोक्यावर ठेवू नका. एवढंच सांगा, "बाप्पा, पऱ्हाटी गेली, म्हणून मले वाईट वाटून रायलं. तुयामुळे नाई." मग तुम्ही काय करता ते त्याला दिसू द्या: शेजाऱ्याशी बोलणं, बँकेत जाणं, संध्याकाळी भजनाला बसणं. रागात हात उठला असेल, तर परत जाऊन जवळ घ्या, अन् माझं चुकलं म्हणा. बापानं म्हटलं तर काही कमी होत नाही.

अन् झोप उडाली, जिवाचं बरंवाईट मनात येऊ लागलं, तर लेकराला आधार करू नका, मोठ्या माणसाला सांगा. सरकारचा टेलि-मानस म्हणून फोन आहे, १४४१६, फुकट आहे. मराठीत बोलतात, रात्रीही लागते. देवघराच्या भिंतीवर हा नंबर लिहून ठेवा.