चार बोल्ट, दहा मिनिटं

गाडी धुऊन-पुसून मालकाच्या ताब्यात दिली की मामा ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकतात. "साहेब, पाण्याची बाटली तेवढी पायाशी ठेवू नका." बहुतेक जण मान डोलावतात आणि काच वर करतात. धायरी फाट्याजवळच्या या वॉशिंग सेंटरवर मी माझ्या गाडीची वाट बघत बसले होते आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हे एकच वाक्य ऐकवलं जात होतं. धुलाईवाल्या माणसाला बाटलीची एवढी काळजी का, असं विचारलं तर म्हणाले, "ताई, मंगळवारी या, गर्दी नसते. सीट काढून दाखवतो."

फोम मारणं, पाणी मारणं, फडक्यानं कोरडं करणं ही पोरांची कामं. मामांचं काम आतलं. सीट पुढंमागं सरकत नाही, गाडीतून वास येतोय, एसी लावला की टकटक वाजतं, बायकोचं कानातलं पडलंय, असल्या तक्रारी त्यांच्याकडे येतात. सगळ्यात आधी ते बॉनेट उघडून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढतात आणि चहा घेतात. तेवढ्या वेळात वायरिंगमध्ये उरलेला करंट उतरतो. सीटखालून ज्या पिवळ्या वायरी जातात त्या एअरबॅगच्या. करंट असताना त्या ओढल्या तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग आणि सीटबेल्टचा बझर सक्तीचा झाला. सीटखाली वायरींची गर्दी वाढली आहे. त्यात पोराची खेळण्यातली गाडी नाहीतर छत्रीची मूठ अडकते, सीट सरकवली की कनेक्टर ढिला होतो आणि मालक मोठ्या खर्चाच्या धास्तीनं गॅरेज गाठतो.

मग 14 नंबरचा पाना निघतो. पुढं दोन, मागं दोन. "चारच तर बोल्ट असतात हो सीटला. दहा मिनिटं लागतात," मंगळवारी मी गेले तेव्हा मामा म्हणाले आणि सीट मागं कलंडवली.

रेलच्या खोबणीत काळं ग्रीस होतं आणि ग्रीसमध्ये तांदूळ. कुंकू लागलेल्या अक्षता, गाडी घरी आली त्या दिवशीच्या पूजेतल्या. त्यांच्या जवळ एकेक रुपयाची नाणी, खोडरबराचा तुकडा, केसांची पिन, बडीशेप. नाण्यांवरून मामा गाडीचं वय ओळखतात. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाड्यांत टोलनाक्यावरचे सुट्टे पैसे हमखास सापडतात. नाणं रेलच्या दातांत आडवं बसलं की सीट तिथंच अडते, आणि मालक जोर लावून लावून लिव्हर वाकवतो. मामा चुंबकाची कांडी फिरवतात. एक-दोन रुपयांची नाणी टक्कन चिकटतात. दहाचं नाणं चिकटत नाही, सोनंही चिकटत नाही. म्हणून व्हॅक्यूम लावण्याआधी ते गुडघ्यावर बसतात आणि सगळी खोबण बोटानं चाचपतात. त्या दिवशी मंगळसूत्राचा एक काळा मणी हाताला लागला. तो त्यांनी कागदाच्या पुडीत बांधला आणि पुडी किल्लीच्या कडीत अडकवली. पोरांना दम आहे, की मणी सापडला तर मालकिणीच्याच हातात द्यायचा.

पण माझ्या नाकातून अजून जात नाही तो दुसऱ्या गाडीतला वास. आंबट, तेलकट, खवट. त्या घरच्यांनी आरशाला तीन-तीन सुगंधी डब्या टांगल्या होत्या. मामांनी दार उघडलं, एकदा हुंगलं आणि म्हणाले, "नारळ." सीट निघाली तशी रेलच्या मागं फोडलेल्या नारळाची वाटी दिसली. देवदर्शनाहून परतताना पिशवीतून घरंगळलेली. खोबरं काळं पडून बुळबुळीत झालेलं. नुसता वास असता तर एक वेळ चाललं असतं. खोबऱ्याच्या मागावर उंदीर आला होता आणि त्यानं सीटबेल्टच्या बझरची वायर कुरतडली होती. बझर बंद पडला म्हणून मालक खूश होता. मला ते ऐकवलं नाही. बेल्ट लावा म्हणून ओरडणारी एकमेव गोष्ट गप्प झाली होती, ती एका प्रसादाच्या वाटीमुळं.

नाणी पडायची आणखी एक जागा म्हणजे गिअरच्या पुढचं चार्जर लावायचं भोक. त्याच्या मध्यावर प्लस, कडेला अर्थ. नाणं आत पडलं की दोन्ही जोडले जातात आणि फ्यूज उडतो. तो फ्यूज बदलायचा, इतकंच. वाईट तेव्हा होतं, जेव्हा कोणी वैतागून तिथं जास्त अँपिअरचा फ्यूज लावतं. मग फ्यूज टिकतो आणि वायर जळते.

आणि आता बाटली. मामांनी एका उभ्या गाडीत मला स्टिअरिंगवर बसवलं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. लिटरची सीलबंद बाटली त्यांनी ब्रेकच्या पेडलमागं आडवी सरकवली. "दाबा." पेडल बोटभर खाली गेलं आणि अडलं. "जोरात दाबा." मी पाठ सीटला टेकवून दाबलं. पायाखाली काहीतरी टणक होतं आणि ते हलायला तयार नव्हतं. मग त्यांनी रिकामी बाटली ठेवली. ती कडकड वाजत चेपली, पण पेडल तरीही पूर्ण खाली गेलं नाही. गाडी जागेवर उभी असतानासुद्धा माझ्या तळहातांना घाम आला.

एरवी सीटखाली निपचित पडलेली बाटली नेमकी ब्रेक लावतानाच पुढं येते, कारण गाडी थांबते, बाटली थांबत नाही. खंडाळ्याचा नाहीतर खंबाटकीचा घाट उतरताना गाडीची फरशीच पुढं कललेली असते. मग तर ब्रेकचीही गरज पडत नाही. बाटली पायाशी आली की माणूस खाली वाकतो. ताशी 100 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर जाते.

ऑगस्ट 2009 मध्ये कॅलिफोर्नियात एका लेक्ससचं ॲक्सिलरेटर पायाखालच्या मॅटमध्ये अडकलं आणि गाडीतले चौघे गेले. ती मॅट दुसऱ्याच मॉडेलची होती. त्यानंतर टोयोटानं अमेरिकेत सुमारे 38 लाख गाड्यांसाठी मॅटचा रिकॉल काढला. एका रबरी मॅटपायी. आपण मात्र मापात न बसणारी मॅट रस्त्याकडेला घेतो आणि मूळ मॅटच्या वरच अंथरतो. मामा ती दुसरी मॅट न विचारता गुंडाळून डिकीत टाकतात, त्यावरून बोलणीही खातात.

सीट काढायचे पैसे वेगळे सांगितले की दहातले नऊ जण "नको, वरवर करा" म्हणतात. आरशासारखी पॉलिश हवी असते, तिला कोणी घासाघीस करत नाही. चार बोल्ट, दहा मिनिटं, मामा पुन्हा सांगून बघतात. सीट परत बसवताना ते आधी चारही बोल्ट हातानं फिरवतात, मग पान्यानं आवळतात, मग स्वतः बसून सीटला तीन-चार हिसके देतात. या कामाला आपण सफाई म्हणतो आणि सफाईचाच भाव देतो. माझ्या मते हे ब्रेकचं काम आहे आणि त्याला मेकॅनिकचीच मजुरी मिळायला हवी.

पुढच्या वेळी लांबच्या प्रवासाला निघाल तेव्हा ड्रायव्हरची सीट पूर्ण मागं सरकवा, मोबाइलचा टॉर्च लावून खाली बघा, हात घाला. बाटली दाराच्या कप्प्यात ठेवा. आणि चालत्या गाडीत काही पडलंच तर वाकू नका. गाडी कडेला घ्या, थांबवा, मगच शोधा.